बेळगावातला ‘ळ’ टाइप कसा करायचा?

बेळगावचं नाव रोमन लिपीत लिहिलं की उत्तरेकडचा माणूस ते बेधडक ‘बेलगाम’ वाचतो. आमच्या पिढीने सायबर कॅफेत बसून इंटरनेटवरच्या चर्चांत तोंड उघडायचं ठरवलं, तेव्हा हाच ‘ळ’ आडवा आला.

या चर्चांचं मूळ १९७९ मधलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ‘यूजनेट’ची कल्पना सुचली आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिनने तिचा पहिला प्रोग्राम लिहिला. मधोमध मालक असा कुणी नाही. एक संगणक दुसऱ्याला फोन लावणार, नवा मजकूर देणार-घेणार आणि फोन ठेवणार. असं करत पत्र गावोगाव फिरणार. दर कमी म्हणून बरीचशी देवघेव रात्री चाले. रात्री उशिरा एसटीडी बूथसमोर ताटकळलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

१९८६-८७ मध्ये यूजनेटवरच्या चर्चागटांची नव्याने मांडणी झाली. संगणक, विज्ञान, छंद, समाज असे विभाग पडले. समाज-संस्कृतीच्या विभागात भारतीयांचा गट होता, पुढे त्यात मराठीचाही झाला. तिथे लिहिणारे बहुतेक परदेशात शिकणारे किंवा नोकरी करणारे.

नवख्याने वागायचं कसं, यावर तिथे फार कटाक्ष असे. दर सप्टेंबरात कॉलेजात आलेली मुलं गोंधळ घालत, मग जुन्यांची बोलणी खाऊन सरळ होत. १९९३ पासून व्यापारी कंपन्यांचे ग्राहक लोटले आणि तो सप्टेंबर संपलाच नाही, असं जुने लोक कुरकुरत. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी शिष्टाचाराची नियमावली लिहून काढली: काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा, सगळं मोठ्या अक्षरांत लिहू नका, ते ओरडल्यासारखं वाटतं.

इथेच मराठीची पंचाईत. भारतीय भाषा रोमन अक्षरांत टाइप करण्याच्या अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ पद्धतीत छोटा एल म्हणजे ‘ल’ आणि मोठा एल म्हणजे ‘ळ’. ट, ड, ण यांनाही मोठीच अक्षरं. नियम अख्ख्या मजकुराबद्दल होता हे खरं, पण शब्दाच्या मध्येच उभं राहिलेलं ते मोठं अक्षर पाहून नवख्याला आपणच ओरडतोय असं वाटे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही मोठ्या शहरांत. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि त्यानंतर कुठे आमच्याकडे कॅफेच्या पाट्या दिसू लागल्या. तोवर यूजनेटचा भर ओसरला होता. २००० मध्ये याहूने ‘ईग्रुप्स’ ही ईमेल-गटांची सेवा विकत घेतली आणि गप्पा तिकडे सरकल्या. मराठी मंडळींसाठी ‘मायबोली’ ही वेबसाइट १९९६ पासून होतीच. देवनागरीचं मात्र त्रांगडंच. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. आपण लिहिलेल्याच्या जागी समोरच्याला भलतीच अक्षरं आणि चिन्हं दिसायची.

मला वाट सापडली ती ‘बरह’मध्ये. शेषाद्रिवासू यांनी १९९८ मध्ये कन्नडसाठी काढलेलं हे सॉफ्टवेअर पुढे देवनागरीही लिहू लागलं. आमच्या गल्लीतल्या कॅफेवाल्याने ते कन्नड अर्ज टाइप करायला ठेवलं होतं. भाषा बदलायची, की झाली मराठी! ज्या गावात पाटीवरच्या अक्षरांवरून दगड उचलले जातात, तिथे माझी मराठी कन्नडच्या कळफलकातून उमटली. ‘ळ’साठी मोठा एल तिथेही दाबावा लागेच.

महिनाभर नुसतं वाचून मी शेवटी चार ओळी लिहिल्या, खाली ‘बेळगाव’ असं टाकलं. पुण्याच्या एका सदस्याचं लगेच उत्तर आलं: “कर्नाटकातले असून मराठी इतकं छान कसं लिहिता?”

उत्तर द्यायला घेतलं, तेवढ्यात कॅफेवाल्याने तास संपल्याचं सांगितलं.