सॉफ्टवेअर ॲक्टिव्हेशन आणि खासगीपणा (खान्देश)

विकलेले सॉफ्टवेअर ठरल्यापेक्षा जास्त संगणकांवर चालू नये, म्हणून कंपनी परवान्याची की (अक्षरे-आकड्यांचा संकेत) आणि संगणकाची ओळख यांची गाठ घालते. या पडताळणीला ॲक्टिव्हेशन म्हणतात. त्यात कोणती माहिती बाहेर जाते, परवाना कोणाच्या नावावर नोंदला जातो आणि पुढे त्यावर ताबा कोणाचा राहतो, यावर खासगीपणाचा वाद उभा आहे. वर्तमानपत्रांत चर्चा होते ती पहिल्या प्रश्नाची. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या रोजच्या व्यवहारात मात्र दुसरा आणि तिसरा प्रश्न जास्त नडतो.

इंटरनेट नव्हते तेव्हा कुलूप हार्डवेअरचे असे. लग्नपत्रिका, हँडबिले करणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपीसारख्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरबरोबर डोंगल येई, म्हणजे संगणकाला जोडायचे छोटे उपकरण; ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे. आधी प्रिंटरच्या पोर्टात, पुढे यूएसबीत लावायचा. तो हरवला किंवा जळाला की ऐन लग्नसराईत काम ठप्प. त्रासदायक वस्तू होती, पण ती कोणाला काही कळवत नसे.

2001 मध्ये विंडोज एक्सपीने हे बदलले. 25 अक्षरांची की टाकल्यावर 30 दिवसांत ॲक्टिव्हेशन करणे भाग होते. इंटरनेट नसेल तर 50 आकडे फोनवर वाचून दाखवायचे. प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड अशा भागांच्या माहितीवरून हा क्रमांक तयार होई. त्याच वर्षी एका जर्मन कंपनीने त्याची चिरफाड केली, तेव्हा दिसले की भागांची माहिती जशीच्या तशी जात नाही. तिचे हॅश केले जाते, म्हणजे जिच्यावरून मूळ माहिती परत काढता येत नाही अशी आकड्यांची खूण बनवली जाते, आणि तेही इतके छाटून की अनेक संगणकांचे तुकडे सारखेच निघावेत. नाव-पत्ता देणे सक्तीचे नव्हते. थोडक्यात, त्या वेळी उठलेला गदारोळ बराचसा अनाठायी होता. संशयाला खरे कारण मिळाले ते 2006 मध्ये. विंडोजची प्रत अस्सल आहे का हे तपासणाऱ्या विंडोज जेन्युइन ॲडव्हान्टेजचा सूचना देणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्याला न सांगता रोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी संपर्क साधत असल्याचे उघड झाले, आणि कंपनीला तो बदलावा लागला. ऑगस्ट 2007 मध्ये तर सर्व्हरमधल्या बिघाडामुळे पैसे मोजून घेतलेल्या प्रतीही नकली ठरल्या.

खान्देशात ग्राहक आणि कंपनी यांच्यामध्ये तिसरा माणूस असतो : संगणक दुरुस्त करणारा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असो की शहाद्याच्या एखाद्या गाळ्यात, ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या’ एवढेच सांगून मशीन त्याच्या हवाली केले जाते. विंडोज 11 होम बसवताना मायक्रोसॉफ्ट खाते मागते. ग्राहकाला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही आणि दुकानात गर्दी असते. मग दुकानदार आपलेच खाते टाकून मोकळा होतो. हेतू वाईट नसतो, परिणाम मात्र विहीर खोदणाऱ्याच्या नावावर सातबारा चढावा तसा होतो. संगणक त्याच्या खात्यातल्या यादीत दिसू लागतो. वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) बॅकअप चालू राहिला तर डेस्कटॉपवरच्या फाइलीही त्याच्याकडे जातात. 2024 च्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते, आणि ती उघडायची रिकव्हरी की जाऊन बसते त्याच खात्यात. पुढे कधी संगणकाने ती की मागितली आणि दुकान बंद झालेले असले, तर मालकाला स्वतःचीच डिस्क उघडता येत नाही.

हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरच्या बाबतीतही हेच घडते. परवाना प्रशासकाच्या ई-मेलशी जोडलेला असतो. तो ई-मेल मालकाऐवजी विक्रेत्याचा किंवा हिशेबनिसाचा दिला असेल, तर परवाना दुसऱ्या संगणकावर न्यायला पेढीच्या मालकाला त्याच्याच दारी जावे लागते. ज्या धंद्यात कोणी किती तोळे घेतले हीच गुप्त गोष्ट, त्या सराफाने या एका रकान्याकडे दुर्लक्ष करावे हे नवल आहे.

की विकत घेण्याऐवजी क्रॅक, म्हणजे ॲक्टिव्हेशनचे कुलूप तोडणारा प्रोग्रॅम, टाकून घेणारेही पुष्कळ. ‘कंपनीला आपली माहिती नको जायला’ असेही कारण ऐकू येते. ते टिकत नाही. क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि प्रोग्रॅमला पूर्ण अधिकार द्यावे लागतात. 2021 मध्ये केएमएसपिको या विंडोज क्रॅक करणाऱ्या टूलच्या बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा घातक प्रोग्रॅम पसरत असल्याचे आढळले. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो. ज्या सेवा केंद्राच्या संगणकात गावाचे आधार, पासबुके आणि केळीच्या पीक विम्याचे कागद स्कॅन करून पडलेले असतात, तिथे हा धोका एकट्या केंद्रचालकाचा राहत नाही.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा. त्याहून कमी माहीत असलेली तरतूद प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात आहे. 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65अ संरक्षक कुलपे हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. पण वापरणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी किंवा त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी लावलेले उपाय चुकवायला लागणारी कृती ते कलम स्वतःच वगळते. ही सवलत क्रॅकवाल्यांच्या कामाची नाही. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम 63ब लागते : किमान 7 दिवस, कमाल 3 वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते.

दुकानदाराच्या खात्यावर गेलेला संगणक परत आपल्या ताब्यात घेता येतो. संगणकाबरोबर आलेल्या विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असल्याने खाते बदलले तरी तो जात नाही. स्वतःचे खाते जोडून त्याला प्रशासकाचे अधिकार द्यावेत, दुकानदाराचे खाते काढावे, मग डिस्कचे एन्क्रिप्शन बंद करून पुन्हा चालू करावे. नवी रिकव्हरी की आपल्या खात्यात येते आणि दुकानदाराकडची जुनी निरुपयोगी होते.