पथ्य सोडलेल्या मुली आई होऊ लागल्या तेव्हा

फिनाइलकीटोन्युरिया हा आनुवंशिक चयापचय विकार असलेल्या तरुण मुलींना आहाराचे वेगळे शिक्षण का द्यावे लागते, याचे उत्तर या विकारावरील उपचारांच्या यशातच दडलेले आहे. १९३४ साली नॉर्वेत बोर्ग्नी एगेलँड या आईने आपल्या दोन मुलांच्या अंगाला येणाऱ्या चमत्कारिक वासाचा छडा लावण्याचा ध्यास सोडला नाही, म्हणूनच आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी मुलांची लघवी तपासली आणि फेरिक क्लोराइड टाकताच ती हिरवी झालेली पाहिली. प्रथिनांतील फिनाइलअॅलनिन हे अमिनो आम्ल या मुलांच्या शरीरात नीट मोडले जात नाही, ते रक्तात साठते आणि मेंदूची हानी करते, हे पुढे उलगडत गेले. १९५३ मध्ये बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनाइलअॅलनिन अगदी कमी असलेल्या काटेकोर पथ्याचा गुण दाखवून दिला. त्यानंतर रॉबर्ट गथ्री यांच्या चाचणीमुळे टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून नवजात बालकांतच निदान होऊ लागले.

मात्र मेंदूची मुख्य वाढ झाली की पथ्याची गरज उरत नाही, अशी त्या काळी समजूत होती आणि अनेक मुलांचे पथ्य पाच-सहा वर्षांचे होताच थांबवले गेले. त्यात डॉक्टरांना दोष देता येणार नाही, कारण प्रौढपणाचा अनुभव कोणाच्याच गाठीशी नव्हता. या मुली शिकल्या, संसाराला लागल्या आणि गरोदर राहिल्या, तेव्हा त्यांच्या रक्तातील फिनाइलअॅलनिन वारेतून गर्भापर्यंत, तेही आईपेक्षा अधिक प्रमाणात, पोहोचत होते. १९८० मध्ये लेंके आणि लेव्ही या संशोधकांनी शेकडो गर्भधारणांची माहिती प्रसिद्ध केली. ज्या मातांच्या रक्तातील पातळी सर्वाधिक होती, त्यांच्या ९२ टक्के मुलांमध्ये बौद्धिक अक्षमता आणि ७३ टक्क्यांमध्ये लहान आकाराचे डोके आढळले. मन विषण्ण करणारी गोष्ट ही, की यांतील बहुतेक मुलांना हा विकार स्वतःला नव्हताच.

१९८४ मध्ये रिचर्ड कॉख यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासाने दिलासा दिला. गर्भधारणेपूर्वी, निदान पहिल्या आठ ते दहा आठवड्यांत, पातळी आटोक्यात आली तर बाळ निरोगी जन्मू शकते. पण दिवस गेल्याचे कळेपर्यंतच यांतील कितीतरी आठवडे सरलेले असतात, त्यामुळे हे शिक्षण प्रसूतितज्ज्ञाच्या दारात सुरू करून भागत नाही. अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठाने १९९० च्या दशकात किशोरवयीन मुलींसाठी आठवडाभराचे शिबिर सुरू केले, ते याच जाणिवेतून.

तिथे शिकायचे गणित कठोर आहे. तीव्र स्वरूपाच्या विकारात दिवसाला साधारण २५० ते ३५० मिलिग्रॅम फिनाइलअॅलनिनच चालते, आणि एका अंड्यातच सुमारे ३०० मिलिग्रॅम असते. उरलेली प्रथिनांची भूक फिनाइलअॅलनिन नसलेल्या, उग्र चवीच्या वैद्यकीय पेयावर भागवायची असते. लहानपणी आई ते पेय कालवून हातात देत असे. आता तराजूवर घास मोजणे आणि पेय वेळेवर घेणे या मुलींना स्वतः करायचे असते.