अंडी धुतली तरी रोग आतच!

आईकडून आलेला रोग म्हणजे आनुवंशिक, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लोक "रक्तातच आहे" म्हणून मोकळे होतात, काही तर पत्रिका घेऊन ज्योतिषी गाठतात. पण जीन्सचा काडीचा संबंध नसताना बॅक्टेरिया आईकडून पोरात जातात, आणि याचं मला सगळ्यात भारी वाटणारं उदाहरण म्हणजे सॅमन मासा.

अमेरिकेत आयडाहोमधल्या रेडफिश लेकला 1992 साली समुद्रातून परत आलेले सॉकाय सॅमन किती? एक! तोही नर, लोकांनी त्याचं नाव ठेवलं लोन्सम लॅरी. अशा ठिकाणी मासे पुन्हा वाढवायचे तर हॅचरीत अंडी फळवायची, पिल्लं वाढवून नदीत सोडायची. आणि तिथे घात करतो रेनिबॅक्टेरियम साल्मोनिनेरम. किडनीत पांढरट गाठी, पोट फुगलेलं, डोळे बाहेर आलेले, हा बॅक्टेरियल किडनी डिसीज, म्हणजे बीकेडी.

अंडी आयोडीनच्या द्रावणात बुडवतात, वरचे जंतू मरतात. पण हा पठ्ठ्या आत बलकात बसलेला! शिरला कसा, तर एक म्हणजे अंडाशयात अंडं तयार होतानाच, आणि दुसरं म्हणजे मादीच्या पोटात सुटी झालेली अंडी ज्या द्रवात असतात त्यातच बॅक्टेरिया बुजबुजलेले असतात आणि अंड्याला शुक्राणूसाठी एक बारीक भोक असतं, मायक्रोपाईल, तिथून हा आत. मग अंडं पाणी पितं, भोक बंद होतं, कवच कडक होतं. चोर आत आणि आपण बाहेरून कडी घातली.

माशाच्या शरीरात तर तो मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू खाणाऱ्या पेशींतच राहतो आणि पी57 नावाचं प्रोटीन भरपूर सोडून इम्युनिटी दाबतो. गंमत अशी की हेच प्रोटीन त्याला पकडून देतं. प्लेटवर कल्चर करायला, म्हणजे बॅक्टेरिया वाढवून बघायला, आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून एलायझा नावाची टेस्ट करतात: पी57 ला चिकटणारी अँटीबॉडी, तिला जोडलेलं एन्झाइम, त्याचा रंग, रंग जितका गडद तितकी ऑप्टिकल डेन्सिटी जास्त, म्हणजे तितकं प्रोटीन. पॅसिफिक सॅमनची मादी अंडी घातल्यावर तशीही मरते, त्यामुळे तिच्या किडनीचा तुकडा घ्यायला अडचण नाही. रिपोर्ट येईपर्यंत प्रत्येक मादीची अंडी वेगळ्या ट्रेमध्ये, नंबर लावून. आकडा मोठा आला की अंडी फेकली.

मादीला आधी एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनही देतात, ते अंड्यात उतरतं, पण एवढ्यावर हमी नाही. आयडाहोच्या चिनूक (सॅमनचीच दुसरी जात) हॅचरींमध्ये अशी छाटणी वर्षानुवर्षं केल्यावर जास्त आकड्याच्या माद्या कमी झाल्या. पण जात संपायलाच आली असेल, माद्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, तर त्यांची अंडी फेकणार कोण? मग त्या पिल्लांना वेगळ्या टाकीत वाढवायचं आणि डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं, कारण बीकेडी पाण्यातून शेजारच्या माशालाही लागतो.