किफायती उच्चश्रेणी गेमिंग मॉनिटर

वरच्या श्रेणीतल्या मॉनिटरचे ठळक आकडे मध्यम किमतीत देणारा, मुख्यतः खेळासाठी घेतला जाणारा संगणकाचा पडदा. सध्या या वर्णनात बहुतेक वेळा २७ इंची, २५६० × १४४० पिक्सेलांचा (थोडक्यात १४४०पी), १४४ ते १८० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर बसतो. ‘किफायती’ आणि ‘उच्चश्रेणी’ हे जोडपे जरा कुरकुरतच नांदते, कारण किंमत खाली आली म्हणजे कुठेतरी काटछाट झालेली असते. खोक्यावर ठळक छापायचा आकडा सहसा शाबूत राहतो. ज्या गुणाला आकडाच नाही, किंवा आकडा आहे पण तो प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने मोजते, तिथे कात्री चालते. म्हणून असा मॉनिटर पारखताना काय दिले आहे यापेक्षा काय काढून घेतले आहे हे आधी शोधावे.

कोरियन मॉनिटर

या सौद्याचा सर्वांत उघडावाघडा नमुना २०११ नंतरच्या दोन-तीन वर्षांत दक्षिण कोरियातून आला. तेव्हा २७ इंची १४४०पी पडदा ही चैन होती. ॲपलचा २०१० साली आलेला २७ इंची सिनेमा डिस्प्ले ९९९ डॉलरला होता. अशात यामाकासी कॅटलीप, अचीव्हा शिमियन, क्रॉसओव्हर अशी फारशी कुणी न ऐकलेली नावे ईबेवर ३०० ते ४०० डॉलरच्या घरात दिसू लागली, आणि त्यांच्या आत एलजी डिस्प्लेचे त्याच जातीचे आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा मूळ पडदा, होते. मोठ्या कंपन्या वरच्या प्रतीचा माल उचलत. एखाददुसरा मृत पिक्सेल असलेला किंवा कोपऱ्यात प्रकाश थोडा फुटणारा माल या छोट्या कंपन्यांकडे जाई.

इलेक्ट्रॉनिक्समध्येही तशीच बचत होती. कॅटलीपच्या साध्या आवृत्तीत स्केलरच नव्हता. आलेले चित्र पडद्याच्या मापात बसवणारी ही चिप नसल्याने एचडीएमआय नाही, डिस्प्लेपोर्ट नाही, पडद्यावरचा मेन्यू नाही. मागे एक ड्युअल-लिंक डीव्हीआय पोर्ट आणि प्रकाश कमी-जास्त करायची बटणे, बस्स. गंमत अशी, की हीच उणीव खेळणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. मधला टप्पा गळाल्याने विलंब घटला आणि काही मॉनिटर ६० हर्ट्झच्या पुढे ताणता येऊ लागले. सॅमसंगचे पीएलएस (आयपीएससारखेच) पॅनल असलेला क्यूनिक्स क्यूएक्स२७१० बहुधा ९६ हर्ट्झ गाठायचा, नशीब बरे असेल तर १२०सुद्धा. मोठ्या नावाच्या कंपनीकडून १४४०पी आणि १४४ हर्ट्झ एकत्र मिळायला २०१४चा आसुस आरओजी स्विफ्ट पीजी२७८क्यू यावा लागला. तो ७९९ डॉलरचा होता, आणि त्यातले पॅनल टीएन, म्हणजे वेगवान पण रंगांत उणा प्रकार.

कोरियन मॉनिटरची खरी किंमत नंतर कळायची. बिघडला तर परत पाठवायचा टपालखर्च खरेदीदाराच्या माथी, आणि स्टँड डगमगता. पुढे २०१८च्या सुमारास नव्या ग्राफिक्स कार्डांवरून डीव्हीआय पोर्ट हटू लागला, तेव्हा धडधाकट पडदा चालवायला वेगळा, वीज लागणारा ॲडॅप्टर आणायची पाळी आली. तरी हा व्यवहार सरळ होता असेच म्हणावे लागेल. काय नाही, ते मॉनिटरच्या पाठीकडे पाहिले की दिसत असे.

पिक्सेल आणि हर्ट्झ

आजच्या मॉनिटरात काय नाही ते असे दिसत नाही. १४४०पी पडद्यावर सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात, फुल एचडीवर २१ लाख आणि ४केवर ८३ लाख. २७ इंचांवर फुल एचडी घेतले तर इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल येतात. खेळात ते चालून जाते, पण मराठी मजकुराची जोडाक्षरे आणि रफार भरडले जातात. त्याच मापावर १४४०पी इंचाला १०९ देते. ४के आणखी रेखीव, मात्र चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर १४४०पीच्या सव्वादोन पट पिक्सेलांचा भार पडतो, आणि मॉनिटरवर वाचवलेले पैसे कार्डात जातात. १४४०पीवर बाजार स्थिरावला आहे तो यामुळेच.

रिफ्रेश रेटचा, म्हणजे हर्ट्झचा, हिशेब लवकर आटोपतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ला ६.९ आणि २४०ला ४.२. पहिल्या उडीत जवळपास १० मिलिसेकंद मिळतात, दुसरीत तीनही नाहीत. १६५ आणि १८० हर्ट्झमधल्या फरकासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पॅनल आणि ‘१ मिलिसेकंद’

खरी गोम पॅनलच्या वेगात आहे. आयपीएसचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते, साधारण १०००:१, व्हीए या दुसऱ्या पॅनलप्रकाराचे ३०००:१ किंवा त्याहून जास्त. म्हणजे पांढरा रंग ३०० निट्सवर (निट हे तेजाचे एकक) ठेवला, तर आयपीएसचा काळा ०.३ निट्सवर राहतो आणि व्हीएचा ०.१वर. रात्री दिवे मालवून खेळताना हा फरक डोळ्यांत भरतो. आयपीएसवर काळे आकाश राखाडी दिसते. व्हीए तरी स्वस्तात मिळते, तेव्हा ते घ्यावे असे वाटणे साहजिक आहे. पण स्वस्त व्हीए पॅनलला काळ्यातून गडद राखाडीकडे जायला २० मिलिसेकंद किंवा अधिक वेळ लागू शकतो. १४४ हर्ट्झवर तेवढ्यात तीन फ्रेम येऊन जातात. खेळात अंधाऱ्या बोगद्यातून पळताना मान वळवली, की खांबाच्या मागे काळा ओघळ ओढला जातो. उजेडातल्या दृश्यात तोच मॉनिटर ठीक वागतो, आणि दुकानातला डेमो नेमका उजेडातला असतो.

खोक्यावर मात्र दोघांच्याही ‘१ मिलिसेकंद’ लिहिलेले सापडेल. हा आकडा कधी जीटीजीचा असतो, म्हणजे एका करड्या छटेतून दुसरीत जायचा वेळ. त्यातही बदलाचा पहिला आणि शेवटचा दहा-दहा टक्के भाग सोडून मोजायची जुनी रीत आहे, आणि छापली जाते ती सगळ्यांत वेगवान जोडी. कधी तो एमपीआरटीचा असतो, म्हणजे हलते चित्र किती वेळ पुसट दिसते त्याचा; तो पॅनलमागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, झपाट्याने बंद-चालू करून मिळवतात. तेव्हा पडदा अंधुक होतो आणि बऱ्याच मॉनिटरांवर व्हेरिएबल रिफ्रेश, म्हणजे कार्डाच्या फ्रेम रेटनुसार पडद्याचा वेग बदलणे, बंद ठेवावे लागते. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणे निरर्थक आहे.

जीटीजीचा आकडा गाठायला ओव्हरड्राइव्ह वापरतात, म्हणजे पिक्सेलला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजचा धक्का देतात. मेन्यूतल्या सर्वांत वरच्या पायरीवर पिक्सेल इच्छित छटेच्या पुढे निघून जातो आणि हलत्या वस्तूमागे उजळ झालर उमटते. छापील १ मिलिसेकंद बहुधा याच पायरीवरचे असते. बहुतेक मॉनिटरांवर मधली पायरीच वापरण्याजोगी निघते. पण तीही १४४ हर्ट्झसाठी जुळवलेली असते, त्यामुळे जड खेळात फ्रेम ६०वर उतरल्या की झालर पुन्हा दिसते.

इथे ग्राफिक्स कार्डांची कंपनी एनव्हिडियाच्या जी-सिंक या व्हेरिएबल रिफ्रेश तंत्राचा संबंध येतो. २०१३ साली जाहीर झालेल्या या तंत्रात मॉनिटरच्या आत एनव्हिडियाचे स्वतंत्र मॉड्यूल असे. त्याने किंमत चांगलीच वाढे, पण फ्रेम रेट बदलेल तसा ओव्हरड्राइव्हही ते बदले. प्रतिस्पर्धी एएमडीच्या फ्रीसिंक या तशाच तंत्राचे मॉनिटर २०१५मध्ये आले ते अशा मॉड्यूलविना, आणि जानेवारी २०१९मध्ये एनव्हिडियानेही अशा मॉनिटरांना आपल्या कार्डांवर मुभा दिली. आजची स्वस्ताई बरीचशी या निर्णयाची देणगी आहे. मॉड्यूलबरोबर ते बदलते ओव्हरड्राइव्हही बहुतेक स्वस्त मॉनिटरांतून गेले, याची नोंद खोक्यावर कुठेच नसते.

एचडीआर

एचडीआर म्हणजे लख्ख उजेड आणि गडद काळोख एकाच चित्रात दाखवणे. फसगत सर्वांत जास्त इथे होते. व्हेसा या संस्थेने डिसेंबर २०१७मध्ये डिस्प्लेएचडीआर प्रमाणपत्रे आणली. त्यांतल्या ४०० या खालच्या पायरीला मूळ निकषांत लोकल डिमिंगची, म्हणजे बॅकलाइट विभागवार मंद करण्याची, अटच नव्हती. तेजाचा उच्चांक ४०० निट्स, की काम झाले. अशा मॉनिटरवर एचडीआर चालू केले तर काळा उजळतो आणि चित्र फिके पडते. ते बंद ठेवलेले बरे.

खरे एचडीआर स्वस्तात द्यायचा प्रामाणिक प्रयत्न मिनी-एलईडीने, म्हणजे बारीक दिव्यांच्या विभागलेल्या बॅकलाइटने, केला. २०२३च्या एओसी क्यू२७जी३एक्सएमएनमध्ये १८० हर्ट्झचे १४४०पी व्हीए पॅनल, बॅकलाइटचे ३३६ विभाग आणि डिस्प्लेएचडीआर १००० हे सगळे अमेरिकेत ३०० डॉलरच्या आसपास मिळू लागले. तरी गणित पाहा: एका विभागावर जवळपास ११,००० पिक्सेल. काळ्या आकाशातल्या एका ताऱ्यासाठी सगळा विभाग उजळतो आणि ताऱ्याभोवती धुके दिसते. व्हीएचा काळा खोल असल्याने ते बरेचसे दबते, म्हणून या किमतीत व्हीए निवडणे शहाणपणाचे होते. त्याचा ओघळ मात्र सोबत येतोच.

ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच प्रकाश देतो, त्यामुळे धुके नाही आणि ओघळही नाही. २०२२च्या एलियनवेअर एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यूची किंमत १,२९९ डॉलर होती. नंतर ओलेडचे भाव भराभर उतरले आणि किफायती गटाची वरची कड त्यांना भिडू लागली. त्यांचे दोष निराळे. टास्कबारसारखी एकाच जागी तासन्‌तास राहणारी गोष्ट कायमची उमटू शकते. म्हणून वॉरंटीत या ठशाचा, म्हणजे बर्न-इनचा, उल्लेख आहे की नाही ते वाचावे. शिवाय क्यूडी-ओलेड या ओलेडच्या एका प्रकारात लाल, हिरवे, निळे उपपिक्सेल त्रिकोणात मांडलेले असतात, त्यामुळे आडव्या रेषांच्या कडांना रंगीत छटा येते. इंग्रजी मजकुरापेक्षा देवनागरीत ती जास्त जाणवते, कारण इथे प्रत्येक शब्दावर शिरोरेषा आहे. दिवसा मराठी टंकलेखन आणि रात्री खेळ असा दिनक्रम असेल, तर साधे आयपीएसच बरे.

पोर्ट, स्टँड

१८० हर्ट्झच्या मॉनिटरला एचडीएमआय २.० दिले असेल, तर १४४०पीवर ते साधारण १४४पर्यंतच पोचते. पूर्ण वेग डिस्प्लेपोर्टवरच मिळतो. संगणकाला याने फरक पडत नाही. कन्सोलवाल्यांनी मात्र पोर्टचा क्रमांक नीट पाहावा. प्लेस्टेशन ५ला तर सप्टेंबर २०२२पर्यंत १४४०पी ठाऊकच नव्हते. स्टँडवरची काटछाट सर्वांत निरुपद्रवी. तो फक्त पुढे-मागे झुकत असला तरी पाठीला १०० × १०० मिलिमीटरची व्हेसा छिद्रे असली, की वेगळा आर्म लावता येतो.

भारतातील खरेदी

भारतात मापाला कराचेही बंधन होते. १ जानेवारी २०१९पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के, अशी विभागणी होती. ३४ इंची अल्ट्रावाइड त्यामुळे इथे आणखीच महाग पडे. २२ सप्टेंबर २०२५पासून दोन्हींवर १८ टक्केच लागू आहे.

मृत पिक्सेलांबाबत कंपन्या वॉरंटीत जी मुभा घेतात, तिचे मूळ आयएसओ १३४०६-२ या २००१च्या मानकात आहे. त्याची जागा पुढे आयएसओ ९२४१-३०७ने घेतली. जुन्या मानकातल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलांमागे दोन कायम उजळ, दोन कायम काळे आणि पाच उपपिक्सेलांचे दोष चालत. १४४०पीला तो हिशेब लावला तर सात पिक्सेल पांढरे अडकलेले असूनही माल निर्दोष. प्रत्यक्षात कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात समोरासमोर घेताना पडदा दुकानातच लावायला सांगावा, काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण रंग फिरवून बघावेत, काळ्यावर चारही कोपरे तपासावेत आणि मगच पैसे द्यावेत. ऑनलाइन घेतल्यास हीच तपासणी परतीची मुदत संपण्याआधी घरी उरकावी, आणि तोवर खोके व थर्माकोल फेकू नये.