लवकर विरघळणं आणि जास्त विरघळणं

‘गार पाण्यात साखर विरघळत नाही’ असं सरबत करताना सर्रास म्हटलं जातं. विरघळते की! अगदी शून्य अंशाच्या 100 ग्रॅम पाण्यातही जवळपास 180 ग्रॅम साखर मावते. आपण ग्लासात घालतो जेमतेम दोन-तीन चमचे. तळाशी साखर दिसते ती पाण्यात जागा उरली नाही म्हणून नव्हे, तर वेळ कमी पडला म्हणून.

विरघळण्याचा वेग आणि विद्राव्यता, म्हणजे एकूण किती मावेल ती मर्यादा, यांची गल्लत इथेच होते. पाणी तापलं की त्याचे रेणू जोरात धावतात, साखरेच्या कणावर जास्त आदळतात, सुटे झालेले रेणू पटकन दूर नेतात. म्हणून वेग वाढतो. ढवळलं किंवा पिठीसाखर घेतली तरी वेगच वाढतो. मर्यादा मात्र ढवळून तसूभरही हलत नाही. ती हलवते उष्णता, तीही प्रत्येक पदार्थाची वेगळी.

हे पटवून घ्यायला साखरेपेक्षा मीठ बरं. 20 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ मावतं आणि उकळत्या पाण्यात सुमारे 39. बस्स! गरम पाण्यात मीठ झटकन विरघळतं खरं, पण जास्त विरघळतं असं म्हणायला फारसा वाव नाही. साखरेचं तसं नाही: 20 अंशांना सुमारे 200 ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात पावणेपाचशेच्याही वर. म्हणूनच दाट गरम पाक सावकाश निवला की त्यात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखर धरते. मिठाचं गरम पाणी असं निववून हाती चिमूटभरच लागेल. मिठागरांत समुद्राचं पाणी थंड करत नाहीत, उन्हात आटवतात, ते याचमुळे.

आता पानाला लावायचा चुना घ्या. याची तऱ्हाच उलटी. लिटरभर पाण्यात साध्या तापमानाला दीड ग्रॅमच्या थोडा वर चुना विरघळतो, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्माही नाही. चुन्याची नितळ निवळी तापवली तर ती गढुळते.

वायूही तापलेल्या पाण्यात कमीच राहतात. गोड्या पाण्यात हवेतून विरघळणारा ऑक्सिजन शून्य अंशाला लिटरमागे सुमारे 14.6 मिलिग्रॅम असतो, 30 अंशांना साधारण 7.5. इथे तर वेग आणि मर्यादा चक्क विरुद्ध दिशांना जातात: कोमट पाण्यात वायूची ये-जा लवकर होते, पण टिकतो कमी. चहाचं आधण ठेवल्यावर, पाणी उकळायच्या बरंच आधी, पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे चिकटतात. ती वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आहे.