दुचाकीचं नवीन मॉडेल लगेच घेऊ की थांबू?
(बेळगाव भागातल्या आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"काय ओ, नवी गाडी आलीय, घेऊन टाकूया काय?"

दसऱ्याच्या आधी महिनाभर रोज कुणीतरी हे विचारत गॅरेजच्या दारात उभं असतं. खंडेनवमीच्या पूजेला नवी गाडी दारात हवी, ॲडव्हान्स खिशात आहे आणि शोरूमवाला "दोनच शिल्लक" म्हणतोय. ग्रीसने भरलेल्या हातांनी प्रत्येकाला सगळं सांगणं होत नाही, म्हणून हा कागद छापला. आम्ही गाड्या विकत नाही, कुणाचं कमिशनही खात नाही. मात्र जुन्या गाड्या दुरुस्त करूनच आमची चूल पेटते. तेव्हा "जुनीच वापरा" असं आम्ही म्हणालो तर ते जरा तोलूनच घ्या.

नवीन म्हणजे नेमकं काय नवीन?

शोरूममध्ये आधी हे विचारा. बऱ्याचदा 'नवीन' म्हणजे जुनंच इंजिन, जुनीच चेसी आणि वर वेगळा रंग, एलईडी दिवा, डिजिटल मीटर. सरकारी नियम बदलला की अशा गाड्यांचा पूर येतो. १ एप्रिल २०२० ला धुराचा बीएस-६ नियम आला. १ एप्रिल २०२३ पासून धूर सोडणाऱ्या यंत्रणेवर लक्ष ठेवणारी ओबीडी-२ ची पहिली पायरी सक्तीची झाली, १ एप्रिल २०२५ ला दुसरी. गाडीला हात लावावाच लागणार, तर सोबत दोन नवे रंगही देऊ, असं कंपन्या करतात. त्यात गैर काही नाही. अशी गाडी आवडली तर आजच घ्या. तिच्या इंजिनाची खोड प्रत्येक मेकॅनिकला पाठ आहे, क्लच प्लेटपासून कोन सेटपर्यंत सगळं दुकानात मिळतं.

इंजिन आणि चेसी दोन्ही बदलली असतील तर मात्र गोष्ट वेगळी. नाव तेच राहतं, गाडी दुसरीच असते. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या. २०२१ च्या १ सप्टेंबरला जी आली तिचं इंजिन ३४६ ऐवजी ३४९ सीसीचं होतं, आणि फरक त्या तीन सीसींचा नव्हता. थरथर मारायला आत बॅलन्सर शाफ्ट आला, समोरच्या एका पाइपवर तोललेली जुनी चेसी जाऊन दुहेरी पाइपची आली, आणि किक गेली. लोंढ्याच्या जंगलात बॅटरी बसली की किकची किंमत कळते, पण ते असो. गाडी मोठ्या सुधारणेनेच आली होती. तरी त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने २६,३०० गाड्या तपासणीला परत बोलावल्या. १ सप्टेंबर ते ५ डिसेंबरच्या दरम्यान बनलेल्या, सिंगल चॅनल एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, एकाच चाकाला) आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्या या गाड्या होत्या. फार जोरात ब्रेक दाबला तर मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मवरचा एक ब्रॅकेट दगा देऊ शकेल, अशी शंका होती.

म्हणजे त्या दसरा-दिवाळीला हौसेने ड्रमवाली घेतलेल्यांना तीन महिन्यांच्या आत पुन्हा शोरूमची पायरी चढावी लागली. काम फुकट झालं, कंपनीने स्वतःहून सांगितलं, ही चांगलीच गोष्ट. पण चार महिने थांबलेल्याला तो हेलपाटाही पडला नाही.

आमचं मत: एक पावसाळा जाऊ द्या

कंपनीची चाचणी कितीही कडक असो, आमच्या भागातली चाचणी म्हणजे गोव्याच्या वाटेवरचे जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट, तेही जुलैत. वरून कोसळणारं पाणी, खालून लाल चिखल आणि मधे सकाळपर्यंत न वाळणारी गाडी. आंबोलीकडे जाणाऱ्यांनाही हे वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी आमचा एक नेहमीचा गिऱ्हाईक पहिल्या लॉटची गाडी घेऊन गोव्याला निघाला. कंपनीचं नाव घेत नाही. कणकुंबीच्या अलीकडे मीटरमध्ये वाफ धरली, मग फायरिंग तुटायला लागलं (इंजिन अडखळायला लागलं), मग गाडी गप्प. टेम्पोत घालून आणली. खोललं तर सीटखालच्या एका वायरिंग कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या सॉकेटमध्ये, पाणी. आम्ही पुसून, वाळवून गाडी चालू करून दिली, पण नवा कपलर ना बेळगावात, ना हुबळीत, ना कोल्हापुरात. तो यायला तीन आठवडे लागले. पुढच्या वर्षीच्या गाडीत त्याच कपलरवर कंपनीने रबराची टोपी बसवलेली आम्ही या डोळ्यांनी बघितली. ती टोपी दहा-वीस रुपयांची असेल. ती सुचायला मात्र कुणाची तरी गाडी पावसात बंद पडावी लागली.

स्पेअर पार्टचंही तसंच. नवीन इंजिनाचे पार्ट सुरुवातीला फक्त कंपनीकडून येतात. बाजारात पर्यायी माल यायला आणि आमच्यासारख्यांना त्या इंजिनावर हात बसायला वेळ लागतो. आता तर निम्मे आजार सेन्सरचे, ते स्कॅनर लावल्याशिवाय सापडत नाहीत. खानापूर किंवा चंदगडच्या बाजूला राहता आणि रोज कामाला हीच गाडी लागते, तर तीन आठवडे गाडीविना काढता येतील का, याचा विचार आधी करा. घरात दुसरी गाडी असेल तर एवढी भीती नको.

जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय?

नवं मॉडेल आलं की मागचं कोपऱ्यात सरकतं आणि भाव पडतो. आम्हाला विचाराल तर खरा सौदा इथंच असतो. फक्त गाडी किती महिने उभी आहे ते बघा. आरसीवर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष छापून येतं, तेव्हा ते पैसे देण्याआधीच विचारून घ्या. पुढे विकताना गिऱ्हाईक तोच आकडा बघून भाव पाडणार. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वर्षभर उभ्या गाडीची बॅटरी नवीन मागून घ्या, लाजू नका.

कोल्हापुरातून आणू काय?

निपाणीकडचे हे हमखास विचारतात, कारण दुचाकीचा आजीवन कर तिकडे महाराष्ट्रात हलका. गाडी कुठूनही घ्या, पण नोंदणी तुम्ही राहता त्या राज्यात व्हावी लागते. काकांचा गडहिंग्लजचा पत्ता लावून एमएच ०९ (कोल्हापूरचा नंबर) घेतली आणि गाडी इथंच कर्नाटकात फिरवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे १२ महिन्यांच्या वर तिला इथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणा, इथल्या केए २२ (बेळगाव) किंवा २३ (चिक्कोडी) आरटीओला कर भरा आणि तिकडचा उरलेला कर परत मिळवायला तिकडच्या आरटीओत खेटे घाला. वाचलेले पैसे त्यात कुठं जातात कळत नाही. एवढं लक्षात असू दे की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्याला ४०. हा फरक दोन्ही राज्यांत सारखाच.

तरी आत्ताच हवी असेल तर

मन बसलं असेल तर घ्या की. आम्हीही तरुणपणी थांबलो नव्हतो. पण टेस्ट राइड शोरूमच्या अंगणात नको, मागे माणूस बसवून एखाद्या चढावर घ्या. ऑन रोडच्या कागदातली 'ॲक्सेसरीज'ची ओळ वाचा, नको ते खोडायला लावा. पहिली सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांना ५०० ते १००० किलोमीटरला असते. ती आणि वॉरंटीतल्या पुढच्या सगळ्या कंपनीच्याच सेंटरला करा, आमच्याकडे आणू नका. आमच्याकडे केलीत आणि पुढे इंजिनाचं काही निघालं, तर कंपनी आमच्याकडे बोट दाखवेल आणि तुम्ही मधे अडकाल. जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिसिंगला गाडी देताना मिळणाऱ्या कागदावर, प्रत्येक तक्रार लिहून घ्या, तोंडी सांगू नका. दर चार-सहा महिन्यांनी चेसी नंबर घालून कंपनीच्या वेबसाइटवर बघा, गाडी परत बोलावलीय का ते.

कोटेशनचा कागद घेऊन आलात तर आम्ही वाचून देऊ. त्याचे पैसे नाहीत. सकाळी दहाच्या आत या, नंतर गर्दी असते.