घरफोडी आणि अफरातफर: डेटा फुटणं वेगळं, डेटाचा गैरवापर वेगळा

मार्च २०१८ मध्ये राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा फेसबुकने ठणकावून सांगितलं की याला डेटा ब्रीच, म्हणजे डेटा फुटणं, म्हणणं साफ खोटं आहे. कुणी सर्व्हरमध्ये घुसलं नव्हतं, कुणाचा पासवर्ड चोरीला गेला नव्हता. तांत्रिकदृष्ट्या हे खरं होतं. आणि माझ्या मते त्या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट नेमकी तीच होती. कुलूप तोडायची वेळच आली नाही, कारण दार कंपनीनेच उघडं ठेवलं होतं.

झालं असं होतं. त्या काळच्या फेसबुकच्या नियमांनुसार एखाद्याने एखादं अ‍ॅप वापरायला परवानगी दिली, की त्याच्या मित्रयादीतल्या लोकांचीही बरीच माहिती त्या अ‍ॅपला घेता येत असे. केंब्रिज विद्यापीठातले संशोधक अलेक्झांडर कोगन यांनी व्यक्तिमत्त्व चाचणीचं एक अ‍ॅप बनवलं. ते सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतलं. फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे माहिती मात्र जास्तीत जास्त ८ कोटी ७० लाख लोकांची गेली. पुढे ती माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिकाच्या हाती पडली. असं ती दुसऱ्याला देणं फेसबुकच्या नियमांत बसत नव्हतं, पण ती गोळा झाली ती पुढच्या दारानेच. ज्यांची माहिती गेली त्यातल्या बहुसंख्य लोकांनी ते अ‍ॅप पाहिलंही नव्हतं. त्यांच्या एका मित्राने ‘होय’वर बोट टेकवलं, एवढाच त्यांचा संबंध.

आता दुसरं प्रकरण घ्या. एक्विफॅक्स ही अमेरिकेतली पतमापन कंपनी. कोणी किती कर्ज घेतलं, ते वेळेवर फेडलं का, याच्या नोंदी ती ठेवते. २०१७ साली तिथून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. वेबसाइट बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अपाचे स्ट्रट्स नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या एका भोकातून हल्लेखोर आत आले. ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच उपलब्ध झाला होता, पण एक्विफॅक्सने तो संबंधित यंत्रणेवर बसवला नाही. मे महिन्यात चोर आत आले आणि जुलैच्या अखेरपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. येणाऱ्याजाणाऱ्या डेटावर नजर ठेवणारं एक उपकरण होतं, पण त्याला तो डेटा वाचू देणाऱ्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपली होती. त्यामुळे ते आंधळं होऊन बसलं होतं. सर्टिफिकेट नवं करताच संशयास्पद हालचाल दिसली.

दोन्ही प्रकरणांची बातमी आपण एकाच शब्दात सांगतो: ‘डेटा लीक झाला.’ मग वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, कंपनीने आपला डेटा चोरला. दुसरा म्हणतो, काही हॅक झालेलं नाही, उगाच ओरडू नका. दोघेही आपापल्या जागी चिडलेले असतात, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

मराठीत यासाठी जुने, नेमके शब्द आहेत. घरफोडी आणि अफरातफर. घरफोडीत बाहेरचा माणूस कुलूप तोडून आत येतो आणि जे त्याच्या हाती कधी सोपवलंच नव्हतं ते घेऊन जातो. अफरातफरीत ज्याच्याकडे ठेव विश्वासाने ठेवली, तोच ती भलत्या कामाला वापरतो. तिजोरी शाबूत, किल्ली खजिनदाराच्याच कमरेला, आणि तरी पैसे गेलेले. अफरातफर झाली म्हणून कुणी सुताराला बोलावून दार मजबूत करून घेत नाही. डेटाच्या बाबतीत मात्र आपण हेच करतो. गैरवापराच्या तक्रारीला कंपनी एन्क्रिप्शनचं, म्हणजे माहिती सांकेतिक लिपीत बंद करण्याचं, उत्तर देते आणि आपण ते मान्य करतो.

डेटा फुटला का, हे ठरवताना प्रश्न असतो: ज्याला अधिकार नाही तो माहितीपर्यंत पोचला का? गैरवापर ठरवताना प्रश्न वेगळा: माहिती ज्या कामासाठी दिली होती, त्याच कामासाठी वापरली गेली का? पहिला प्रश्न प्रवेशाचा, दुसरा हेतूचा. पहिल्याचं उत्तर सर्व्हरच्या नोंदी तपासून मिळू शकतं. दुसऱ्याचं उत्तर त्या नोंदींत सापडत नाही, कारण तिथे सगळं रीतसरच दिसतं. अधिकृत कर्मचारी, अधिकृत प्रोग्राम, अधिकृत पद्धतीने चाललेलं काम.

फुटण्यासाठी चोर असायलाच हवा असं मात्र नाही. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यातली व्याख्या बरीच रुंद आहे. सुरक्षेतल्या त्रुटीमुळे माहिती चुकून नष्ट झाली, हरवली, बदलली गेली किंवा नको त्याला दिसली, तरी ते ब्रीचच. चुकीच्या पत्त्यावर गेलेली ग्राहकयादी यात येते. खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद करून टाकलेल्या रुग्णालयाच्या नोंदीही येतात, मग त्या बाहेर गेलेल्या असोत वा नसोत. असं काही घडल्याचं कळल्यापासून ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावं लागतं. लोकांना धोका संभवत नसेल तरच त्यातून सूट. गैरवापराला असं घड्याळ लावलेलं नाही. ‘गेली 3 वर्षं आम्ही तुमची माहिती जाहिरातींसाठी वापरत होतो’ असं पत्र ७२ तासांत येत नाही. ते सहसा पत्रकारामुळे, संशोधकामुळे किंवा आतल्याच एखाद्या अस्वस्थ माणसामुळे कळतं. केंब्रिज अ‍ॅनालिटिकाकडे माहिती गेल्याचं फेसबुकला डिसेंबर २०१५ मध्येच वर्तमानपत्रातल्या बातमीमुळे कळलं होतं. ज्यांची माहिती होती त्यांना ते समजायला २०१८ उजाडलं.

मला सगळ्यात जास्त खुपणारं उदाहरण फोन नंबरचं आहे. खातं सुरक्षित राहावं म्हणून दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करा, असं आम्ही संगणकावर काम करणारे लोक वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलो. त्यासाठी फोन नंबर द्या, त्यावर कोड येईल. लोकांनी ऐकलं. ट्विटरने २०१३ ते २०१९ या काळात सुरक्षेच्या नावाखाली घेतलेले नंबर आणि ईमेल पत्ते जाहिरातदारांना नेमकी माणसं गाठून देण्यासाठी वापरले. ही माहिती देणारे १४ कोटींहून अधिक लोक होते. २०२२ मध्ये कंपनीने त्यासाठी १५ कोटी डॉलर दंड भरला. फेसबुकवरही सुरक्षेसाठी घेतलेले नंबर जाहिरातींसाठी वापरल्याचा ठपका होता. २०१९ च्या ५०० कोटी डॉलरच्या दंडाच्या प्रकरणात तो एक मुद्दा होता.

यात एकही नंबर ‘फुटला’ नाही. जाहिरातदाराला तो दिसलाही नसेल, कारण जुळवाजुळव कंपनीच्या आतच होते. सुरक्षेच्या कोणत्याही तपासणीत ही व्यवस्था उत्तीर्ण झाली असती. पण घरफोडीपासून वाचण्यासाठी लोकांनी जे दिलं, त्याचीच अफरातफर झाली. यातून होणारं नुकसान दंडात मोजता येत नाही. पुढच्या वेळी कुणाला दोन टप्प्यांचं लॉगिन लावायला सांगावं तर तो माणूस संशयाने बघतो, आणि त्याचं चूक आहे असं म्हणवत नाही. गैरवापराने सुरक्षेचंही नुकसान होतं ते असं.

अव्हास्टचं प्रकरण याच्याही पुढचं. अव्हास्ट म्हणजे अँटिव्हायरस, खास राखणीला ठेवलेला गडी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या आरोपानुसार या कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरमधून आणि ब्राउझरच्या जोडण्यांमधून लोक कोणकोणती पानं उघडतात याची माहिती गोळा केली आणि जम्पशॉट या उपकंपनीमार्फत शंभराहून अधिक गिऱ्हाइकांना विकली. नावं काढून टाकली आहेत, असं सांगितलं जात होतं. पण प्रत्येक ब्राउझरला दिलेला वेगळा क्रमांक त्या माहितीत तसाच राहत होता, असं आयोगाचं म्हणणं. एकाच क्रमांकाखाली कुणी कोणत्या आजाराबद्दल वाचलं, कोणत्या नोकरीची जाहिरात पाहिली, नकाशावर कोणता पत्ता शोधला, हे वेळेसकट रांगेत मांडलं, की नावाची गरजच उरत नाही. २०२० च्या जानेवारीत पत्रकारांनी हे उघड केल्यावर जम्पशॉट बंद झाली, आणि २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश निघाला. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. आणि कुंपण म्हणून ते काम करत नव्हतं असंही नाही, व्हायरस तर ते अडवतच होतं.

इथे कंपन्यांच्या वागण्यातला एक महत्त्वाचा फरक लक्षात येतो. घरफोडीत कंपनीचंही नुकसान होतं. नाव जातं, दंड होतो, वकिलांचा खर्च येतो. म्हणजे तिथे तिचं हित आणि आपलं हित बऱ्यापैकी एका बाजूला असतं. म्हणूनच मोठ्या कंपन्यांचे सुरक्षा विभाग मनापासून काम करतात, आणि त्यातली माणसं प्रामाणिक असतात. गैरवापरात मात्र फायदा कंपनीचाच असतो. तेव्हा ‘आम्ही तुमच्या माहितीचं रक्षण करतो’ हे वाक्य पहिल्या अर्थाने अगदी खरं आणि दुसऱ्या अर्थाने अगदी पोकळ असू शकतं. जाहिरातीत ते कधी कोणत्या अर्थाने आहे हे सांगितलेलं नसतं. सॉफ्टवेअरमधली भोकं शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याची पद्धत आता रुळली आहे. फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये डेटाचा गैरवापर दाखवून देणाऱ्यांसाठीही बक्षीस जाहीर केलं, ही चांगलीच गोष्ट. पण तेही त्या व्यासपीठावरच्या इतरांच्या अ‍ॅपनी केलेल्या गैरवापरासाठी.

आता ज्या प्रकरणांत ही रेघ पुसट होते, त्यांच्याबद्दल. एप्रिल २०२१ मध्ये ५३ कोटींहून अधिक फेसबुक खात्यांचे फोन नंबर आणि इतर तपशील इंटरनेटवर फुकट उपलब्ध झाले. कंपनीने सांगितलं, हे हॅकिंग नाही. फोनमधल्या संपर्कयादीवरून मित्र शोधून देणाऱ्या सुविधेचा वापर करून कुणीतरी २०१९ च्या सप्टेंबरपूर्वी माहिती खरवडून नेली. म्हणजे यादृच्छिक नंबरांचा ढीग आत टाकायचा आणि कोणता कुणाचा हे विचारत राहायचं. सुविधा जशी बनवली होती तशीच चालली, फक्त कोट्यवधी वेळा. ही घरफोडी की आणखी काही? माझ्या मते हा प्रश्न ज्याचे त्याने तपशील बघून सोडवावा. आयर्लंडच्या नियामकाने मात्र त्या वादात न अडकता व्यवस्थेच्या रचनेवरच बोट ठेवलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये २६ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. व्यवस्था मुळातच अशी का बांधली, हा तो प्रश्न होता.

रिंग या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीविरुद्धच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या २०२३ च्या तक्रारीत तर दोन्ही गुन्हे एकाच कागदावर आहेत. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांच्या घरातले व्हिडिओ पाहता येत होते आणि एकाने कित्येक महिने महिलांचे व्हिडिओ पाहिले. शिवाय इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून बाहेरच्या लोकांनीही कॅमेऱ्यांचा ताबा घेतला. ज्या घरात हे घडलं तिथल्या माणसाला हा फरक किती महत्त्वाचा वाटेल? त्या क्षणी मुळीच नाही. पण उपाय शोधताना वाटायलाच हवा. बाहेरच्यांना रोखायला दोन टप्प्यांचं लॉगिन पुरतं. आतल्यांना रोखायला व्हिडिओ पाहण्याचा अधिकारच त्यांना न देणं भाग असतं.

उबरने केलं ते आणखी निराळं. २०१६ मध्ये ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती चोरीला गेली. ही निखळ घरफोडी. पण हल्लेखोरांना १ लाख डॉलर देऊन तो व्यवहार भोकं शोधणाऱ्यांच्या बक्षिसाच्या खात्यात दाखवला गेला आणि वर्षभर कुणाला कळू दिलं नाही. तत्कालीन सुरक्षाप्रमुखाला २०२२ मध्ये त्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं. घरफोडी लपवणं हाही विश्वासघातच, आणि फरक ओळखता आला नाही तर ती लपवणं सोपं जातं. ‘चोरी नव्हे, संशोधकाला दिलेलं बक्षीस’ असं म्हटलं की कळवण्याची जबाबदारीच नाहीशी होते.

तेव्हा बातमी आली की आधी हे बघायचं की कुणी आत घुसलं, की आतल्याने वापरलं. घुसलं असेल तर पासवर्ड बदला, तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही बदला, आपल्या नावावर दुसऱ्याला कर्ज काढता येऊ नये म्हणून पतनोंदी गोठवता येत असतील तर गोठवा, आणि पुढचे काही महिने आपलं नाव-नंबर अचूक सांगणाऱ्या फोनवर विश्वास ठेवू नका. वापरलं असेल तर पासवर्ड बदलून काहीच होणार नाही. तिथे परवानग्या काढून घेणं, जोडलेली जुनी अ‍ॅप तोडणं, कायदा असेल तिथे कंपनीकडे आपल्या माहितीची प्रत मागणं, ती पुसायला सांगणं आणि नियामकाकडे तक्रार करणं, हेच मार्ग आहेत. ते संथ आहेत आणि एकेकट्याने फारसे चालत नाहीत.

एक गोष्ट मात्र दोन्हींवर चालते, ती म्हणजे मुळात न देणं. दोन टप्प्यांचं लॉगिन जरूर लावा, पण जिथे पर्याय असेल तिथे फोन नंबराऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप निवडा. त्यात सुरुवातीला एक गुप्त किल्ली तुमच्या फोनमध्ये आणि त्या कंपनीकडे जपून ठेवली जाते, आणि पुढे तुमचा फोन त्या किल्लीवरून आणि घड्याळातल्या वेळेवरून दर ३० सेकंदांनी नवा कोड स्वतःच तयार करतो. त्या किल्लीवरून कुणालाही जाहिरात दाखवता येत नाही.